कोकणातील लोककथा आणि रूढींवरील व्याख्यानमाला

माननीय काका,
सप्रेम नमस्कार.

येत्या वर्षी मंडळातर्फे कोकणातील लोककथा, दंतकथा आणि पारंपरिक रूढी यांवर पाच जाहीर व्याख्याने ठेवण्याचा कार्यकारिणीचा विचार आहे. भुतेखेते, ग्रामदेवता, जत्रा, शिमगा आणि समुद्राविषयीच्या समजुती असा कच्चा आराखडा सोबत जोडला आहे. अशा व्याख्यानांमुळे, विशेषतः इथे वाढणाऱ्या मुलांसमोर, अंधश्रद्धेला खतपाणी मिळेल अशी शंका दोन सभासदांनी घेतली आहे. आपण मालवण तालुक्यातच राहता, तेव्हा आराखडा कसा वाटतो आणि या शंकेला काय उत्तर द्यावे, ते सर्व सभासदांना वाचता येईल असे कळवावे, ही विनंती.

आपली,
समन्वयक, व्याख्यान उपसमिती

---

ताईंस आणि सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

मंडळाने हा विषय निवडला याचा मनापासून आनंद झाला. मांडणी मात्र मला पटलेली नाही. एका रविवारी भुते आणि दुसऱ्या रविवारी देव ही वाटणी कागदावर नीट दिसते, पण गावात ती टिकत नाही. वेताळाचेच पाहा. गोष्टींमधून तो भुतांचा राजा म्हणून आपल्याला ठाऊक असतो. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीत मात्र तोच वेतोबा म्हणून गावाचा राखणदार आहे आणि नवसाला पावणारा देव आहे. रात्री तो गावात फेरी मारतो आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, अशी तिथली श्रद्धा असल्यामुळे नवस फेडणारे लोक केळ्यांच्या घडाबरोबर चामडी वहाणांचा जोडही वाहतात. हे जोड माणसाच्या पायाच्या मापाचे नसतात, चांगले मोठे असतात, आणि देवळात ठेवलेल्या वहाणांचे तळ वापरल्यासारखे झिजलेले दिसतात, असे गावकरी सांगतात. हा वेतोबा आपण कोणत्या रविवारी बसवणार? संकासुराचीही तीच गत. सिंधुदुर्गातील दशावतारी लोकनाट्यात तो वेद चोरणारा असुर आहे, तर गुहागर-दापोलीकडे शिमग्यात तो काळ्या पेहरावात खेळ्यांबरोबर, म्हणजे नाचगाणी करणाऱ्या मंडळींबरोबर, दारोदार फिरतो आणि मुले त्याला घाबरूनही त्याचा पिच्छा सोडत नाहीत.

म्हणून माझी सूचना अशी की, प्रत्येक व्याख्यान एका गावाचे असावे आणि ‘कोकणात अशी पद्धत आहे’ हे वाक्य कोणत्याही वक्त्याने उच्चारू नये. ही शिस्त नवी नाही. १९०९ साली अनंत कान्हेरे यांनी ज्यांचा वध केला, ते नाशिकचे कलेक्टर जॅक्सन लोकसमजुतींची टिपणे शाळामास्तरांकडून मिळवत असत. पुढे दुसरे ब्रिटिश अधिकारी एन्थोवेन यांच्या संपादनाखाली त्या टिपणांचा कोकणविषयक खंड १९१५ साली प्रसिद्ध झाला, आणि कोणती माहिती कोणत्या गावच्या मास्तरांनी पाठवली हे त्यात तळटीपांमधून नोंदले आहे. परक्या सत्तेच्या अधिकाऱ्यांनी जे पाळले, ते आपल्याच गावांबद्दल बोलताना आपण पाळू नये, याचे मला वाईट वाटते.

आता शंकेविषयी. ती रास्त आहे आणि ती झटकून टाकू नये. करणी आणि देवस्की, म्हणजे देवाभुतांच्या बाधेवरचे तोडगे, यांच्या नावाखाली घाबरलेल्या माणसाला लुबाडले जाते. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, तो काही उगाच नाही. हे वक्त्याने आडपडदा न ठेवता सांगावे. परंतु सगळ्याच रूढींना त्या एकाच मापाने मोजता येत नाही. आमच्याच तालुक्यातील आचऱ्याची गावपळण घ्या. दर तीन-चार वर्षांनी ग्रामदैवत श्रीरामेश्वराचा कौल, म्हणजे देवाची संमती, घेऊन अख्खा गाव गुरेढोरे, कोंबड्या आणि कुत्र्यांसह वेशीबाहेर पडतो आणि तीन दिवस, तीन रात्री झावळ्यांच्या खोपींत राहतो. यात जातीधर्माचा भेद राहत नाही. एरवी बांधावरून भांडणारी घरे तिथे शेजारी शेजारी चुली मांडतात, रात्री भजने आणि फुगड्या रंगतात, म्हाताऱ्या माणसांना गोष्टी सांगायला पुष्कळ वेळ मिळतो. मुदत संपल्यावर पुन्हा कौल लावतात आणि देवाने तो दिल्याशिवाय कोणी घरी परतत नाही. त्या तीन दिवसांत गाव भुतांना मोकळा करून दिलेला असतो असे काही जण मानतात, काही जण जुन्या काळच्या साथीच्या रोगांशी याचा संबंध जोडतात, तर जमिनीला आणि वाऱ्यापाण्याला विसावा मिळावा म्हणून ही योजना असल्याचे आणखी काही जण सांगतात. वक्त्याने ही तिन्ही स्पष्टीकरणे कोण देते त्यासह मांडावीत आणि निवाडा करण्याची घाई करू नये. एवढे ऐकून मुले अंधश्रद्ध होतील असे मला मुळीच वाटत नाही. माणसे गाव कसा धरून ठेवतात, हे त्यांना त्यातून दिसेल.

वक्ते शक्यतो त्या त्या परंपरेतलेच असावेत. कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर कलावंत चित्रकथीची पोथी समोर धरून एकेक चित्र पुढे करत आख्यान लावतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाल्यापासून बाहेरगावची विचारणाही वाढली आहे. दशावतारी मंडळींना मात्र कार्तिकानंतर बोलावू नये, कारण जत्रा सुरू झाल्या की त्यांची एकही रात्र मोकळी नसते, आणि पहाटे दहीकाला आटोपून आलेल्या माणसाला दुपारी संगणकासमोर बसवणे अन्यायाचे होईल. त्यांना पावसाळ्यात विचारावे, फक्त भातलावणीचे दिवस टाळावेत. मानधन आधी ठरवून वेळेवर द्यावे. कौल किंवा गाऱ्हाण्याचे चित्रीकरण दाखवायचे असल्यास बारा-पाच मानकऱ्यांची, म्हणजे देवस्थानाच्या परंपरागत मानकऱ्यांची, परवानगी घ्यावी, ती न मिळाल्यास आग्रह धरू नये.

आपला,
मालवण तालुक्यातील एक सभासद

---

माननीय काका,
सप्रेम नमस्कार.

आपले पत्र काल कार्यकारिणीत वाचले. शंका घेणाऱ्या दोघांपैकी एकांनी गावपळणीच्या व्याख्यानाचे सूत्रसंचालन करण्याची तयारी स्वतःहून दाखवली आहे. दुसऱ्यांनी देवस्की आणि २०१३ च्या कायद्यावर स्वतंत्र व्याख्यान हवे असा आग्रह धरला आणि तो सर्वांना मान्य झाला. त्यामुळे आता आरवली, आचरे, पिंगुळी आणि दशावतार अशी चार व्याख्याने आणि पाचवे कायद्यावरचे, असे ठरते. शिमगा या वर्षी राहून जाईल, याची रत्नागिरीकडच्या सभासदांना चुटपुट लागली आहे. दशावताराचे व्याख्यान श्रावणात घेऊ, म्हणजे लावणीही आटोपलेली असेल.

आचऱ्याच्या मानकऱ्यांशी बोलण्याचे आपण पत्करल्यास मंडळाचे रीतसर विनंतीपत्र याच आठवड्यात पाठवते. पत्राचा मायना कोणाच्या नावे घालावा, तेवढे कळवावे.

आपली,
समन्वयक, व्याख्यान उपसमिती