हाताने केलेली वाद्यं, नृत्य आणि पडदा: कॉन्टॅक्ट माइकमध्ये पावलं ऐकू येतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्यात आम्ही काही मित्रमैत्रिणी पाऊण तासाचा एक प्रयोग बसवतोय. वाद्यं सगळी स्वतः केलेली, सोबत तीन नर्तक आणि मागे पडद्यावर चित्रफीत. नाट्यगृह लहान आहे, रंगमंच लाकडी. ध्वनियोजना केलेल्या किंवा वाद्यं बनवणाऱ्या कुणाचाही सल्ला चालेल.

मुख्य वाद्य मिरजेहून आणलेल्या तंबोऱ्याच्या भोपळ्याचं आहे. तडा गेल्यामुळे कारागिराने तो बाजूला ठेवला होता. त्यावर सागाची पातळ फळी बसवली, तारा ओढल्या, घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) सुताचा धागा सरकवून जवारी (तारेचा झणझणता नाद) लावली. तारा छेडत नाही, व्हायोलिनच्या गजाने घासतो. गज हलका ठेवला की मूळ स्वरावर एकामागून एक वरचे स्वर उमलत जातात. हे ऐकवण्यासाठीच तर सगळा खटाटोप आहे! पण आवाज इतका बारीक की चौथ्या रांगेतही पोचत नाही.

म्हणून घोडीखाली पीझो चकती लावली, म्हणजे हवेतला आवाज नाही तर लाकडातली कंपनं थेट पकडणारा कॉन्टॅक्ट माइक. थेट मिक्सरला जोडल्यावर आवाज पत्र्यासारखा यायचा, कारण पीझोला साधारण एक मेगाओम विद्युत रोधाचा इनपुट लागतो आणि मिक्सरचा लाइन इनपुट त्याहून फारच कमी असतो. खर्ज तिथेच गळतो. मध्ये प्रीअँप (पीझोचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारं छोटं यंत्र) टाकल्यावर ते सुटलं. खरी अडचण पुढची आहे. नर्तकाची टाच पडली की धक्का फळ्यांतून स्टँडच्या पायांत, तिथून घोडीत आणि तिथून स्पीकरमध्ये. मिक्सरवर 120 हर्ट्झच्या खालचं कापलं तर धप्प कमी होते, पण खर्जाची तार पोकळ होते. स्टँडखाली फोम घातला, फरक पडला पण पुरेसा नाही. आता वाद्य वरच्या बारला दोरांनी टांगावं असा विचार आहे. कुणी असं केलंय का? गज फिरवताना ते झुलणार नाही ना?

पावलांचा आवाजच संगीतात घ्या, असंही एकाने सुचवलं. ते मला मान्य आहे. अमेरिकन संगीतकार जॉन केज आणि नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम यांनी 1965 मध्ये न्यूयॉर्कला अँटेना आणि फोटोसेल (प्रकाश अडला की ओळखणारी उपकरणं) लावून नर्तकांच्या हालचालींवरच आवाज सोडले होते. आमच्या उत्तरार्धात फळ्यांखाली माइक ठेवून आम्हीही पावलं घेणारच आहोत. पण भोपळ्याचा भाग शांततेवर उभा आहे, तिथे एक टाचसुद्धा नको.

दुसरं वाद्य पीव्हीसी पाइपांचं, रबरी चपलेच्या तळाने तोंडावर मारून वाजवायचं. तालमीच्या खोलीत 35 अंश, नाट्यगृहाच्या एसीत 23. थंड हवेत ध्वनीचा वेग कमी होतो, त्यामुळे पाइप जवळजवळ अर्धस्वराचा तिसरा हिस्सा उतरतात आणि भोपळ्याशी जुळत नाहीत. पाइपाच्या टोकाला सरकतं कपलर (जोडनळी) लावून लांबी कमीजास्त करता येईल असं वाटतंय. ते मारताना जागेवर राहील का, हे सांगा.

आणि पडदा. चित्रफीत सुरू झाली की सगळ्यांच्या नजरा तिकडे जातात, वाद्यं नुसती सामान होऊन पडतात. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. स्वतःची वाद्यं बनवणारा अमेरिकन संगीतकार हॅरी पार्च (1901–1974) बर्कलीच्या रेडिएशन लॅबोरेटरीतल्या मोठ्या काचेच्या बरण्या कापून त्यांचे वाडगे टांगायचा. त्याच्या प्रयोगांत वाद्यं हेच नेपथ्य असे आणि वादक अभिनयातही सामील. आम्हालाही वाद्यं दिसायला हवी आहेत. म्हणून पडदा काढून चित्रफीत पांढऱ्या पाइपांवरच पाडून पाहिली. पाइपांवर ती सुरेख दिसते, पण मधल्या फटींतून प्रकाश मागच्या काळ्या विंगांवर आणि नर्तकांच्या अंगावर सांडतो. फक्त पाइपांच्या आकारापुरतीच प्रतिमा कापून देणारं, जुन्या लॅपटॉपवर चालणारं एखादं फुकट सॉफ्टवेअर माहीत आहे का? प्रोजेक्टर प्रेक्षागृहातून लावावा की वरून? जवळ ठेवला तर त्याचा पंखा भोपळ्याच्या आवाजावर चढतो.

टांगण्याबद्दल आधी कळवलंत तर बरं, कारण नाट्यगृहाच्या माणसाला बारवर किती वजन देणार ते सांगायचं आहे. वाद्य साधारण सहा किलोचं आहे. पुण्यातलं कुणी तालमीला येऊन मागच्या रांगेत बसून ऐकायला तयार असेल तर व्यक्तिगत निरोप करा, वेळ कळवते.