कॅन्सरच्या दुखण्यावरचं संशोधन कोकणातल्या वाडीत व्हायला हवं की नको?

कुडाळची_लेक:
आई गेली त्याला दीड वर्ष झालं. स्तनाचा कॅन्सर, हाडांत पसरलेला. तुतारी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून दादरला उतरायचं, तपासणी, औषधं आणि परत गाडी. डॉक्टरांनी मनापासून केलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

पण दर खेपेला नर्स विचारायची, "आजी, शून्य ते दहामध्ये दुखणं किती?" आई सांगायची, "दोन." घरी मात्र रात्रभर पडवीत भिंतीला टेकून बसायची, कारण आडवी झाली की कंबर ठणकायची. शेवटी मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "धा म्हणजे बाळंतपणाच्या कळा. तेच्यापुढे ह्या काय?" कागदावर दोन होते, म्हणून गोळीही दोनाचीच मिळत राहिली.

२०१७ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅन्सर पसरलेले, केमो चालू असलेले ७६६ रुग्ण. त्यातल्या काहींनी मळमळ, दुखणं, थकवा असे त्रास स्वतः संगणकावर नोंदवायचे आणि त्रास वाढला की नर्सला सूचना जायची. त्या गटातले निम्मे रुग्ण ३१.२ महिन्यांपेक्षा जास्त जगले, नेहमीची काळजी मिळालेल्यांत हाच आकडा २६ महिने. वेळेवर विचारलं आणि ऐकलं, यातून पाच महिने वाढले.

आपल्याकडे कुणी कुठल्या शब्दांत विचारायचं, यावर काम कोकणातच, मालवणी आणि संगमेश्वरी बोलीत व्हायला हवं.

दापोलीकर:
ताई, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. तरीही विरोध करतो. आणखी काय शोधायचं आहे? तोंडाने घ्यायचं मॉर्फिन स्वस्त आहे आणि कॅन्सरच्या दुखण्यावर ते चालतं, हे जगाला कधीचं ठाऊक आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने ते मिळणं अवघड करून ठेवलं, २०१४ च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली. एवढं होऊनही किती तालुक्यांत ते मिळतं? केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये डॉ. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेची, सुरुवात केली, गावोगावी स्वयंसेवक उभे राहिले, २००८ मध्ये सरकारने त्यासाठी धोरण केलं. ते प्रश्नावलीसाठी अडून बसले नाहीत. आपल्याकडे अभ्यास होईल, अहवाल येईल आणि माणूस तळमळतच राहील.

चिपळूणची_सिस्टर:
मी घरी जाऊन रुग्ण बघते, म्हणून लिहिते. दापोलीकर, केरळचं तसंच्या तसं इथे उतरत नाही. तिकडचं काम शेजारच्या माणसांवर उभं आहे. माझ्याकडच्या एका वाडीत निम्म्या घरांना कुलूप असतं, ती गणपतीत आणि शिमग्याला उघडतात. सत्तरीची बायको पंचाहत्तरीच्या नवऱ्याला मॉर्फिन देते, तेही दर चार तासांनी, चष्मा सापडला तर. शिवाय मॉर्फिनने पोट घट्ट होतं. सोबत पोट साफ होण्याचं औषध दिलं नाही, तर चार दिवसांत रुग्ण गोळीच बंद करतो आणि घरचे म्हणतात, औषध लागू पडलं नाही. माणसं नसलेल्या गावात हे कसं चालवायचं, याचं उत्तर मला तरी कुणी दिलेलं नाही. ते शोधणं हेही संशोधनच आहे.

सावंतवाडी_औषधवाला:
संशोधन म्हणजे नुसता अहवाल नव्हे, दापोलीकर. पुदुच्चेरीच्या जिपमर या मोठ्या सरकारी रुग्णालयात १२४ रुग्णांवर अभ्यास झाला, २०२३ मध्ये छापून आला. ओलान्झापिनची अडीच मिलिग्रॅमची छोटी गोळी रोज दिली, तर केमो चालू असताना भूक आणि वजन दोन्ही सुधारलं. माझ्या दुकानात ही गोळी अगदी थोड्या पैशांत मिळते. भाकरीचा तुकडा गिळवेना म्हणून रडणारी माणसं मी काउंटरवर पाहिली आहेत. असे अभ्यास आणखी हवेत.

दापोलीकर:
गोळी चांगलीच आहे. पण त्या अभ्यासातले रुग्ण मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचलेले होते. न पोचणाऱ्याचं काय? रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपरचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत आहे. चांगली सोय आहे. पण वाडीपासून स्टेशनपर्यंतच्या रिक्षाचं भाडं कोण देतो? सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी कोण देतो? कित्येक जण तिथेच थांबतात. असलेला पैसा नर्सच्या गाडीवर आणि गोळीवर खर्च करा.

कुडाळची_लेक:
न पोचणारा माणूस अभ्यासात मोजलाच जात नाही, म्हणून तर मी म्हणते की मोजणी घराच्या पडवीत व्हावी. गाडी हवीच, गोळीही हवी, त्यात माझं दुमत नाही. पण आईच्या बाबतीत डॉक्टर होते, नर्स होती, औषधंही होती. "दोन" सांगणाऱ्या बाईला जोराची गोळी कोण लिहून देणार होतं?

दापोलीकर:
हे मला खोडता येत नाही. तरी माझा क्रम तोच, आधी गोळी.

चिपळूणची_सिस्टर:
मी आकडा विचारणं सोडून दिलंय. रात्री कुशीवर वळता येतं का? न्हाणीपर्यंत कुणाचा हात न धरता जाता का? जेवताना मांडी घालून बसवतं का? आणि हे रुग्णाला विचारते तेव्हा सुनेलाही बसवून घेते, कारण सासू "बरा असा" (बरं आहे) म्हणते तेव्हा सुनेचा चेहरा वेगळं सांगतो. लेक, कुणी प्रश्नावली करणार असेल तर हे तीन प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचवा.