लिव्हर ट्रान्सप्लांटनंतर व्हेंटिलेटरमुळे लिव्हर फुगतं का?

कृष्णाकाठचा:
बाबांचं परवा ट्रान्सप्लांट झालं, लिव्हरचा तुकडा धाकट्या भावाने दिला. तो शुद्धीवर येऊन चहा मागतोय, बाबा अजून व्हेंटिलेटरवरच. आज राउंडला मोठे डॉक्टर ज्युनियरला म्हणाले पीप ५ च्या वर नेऊ नकोस, लिव्हर फुगेल. आता मशीन फुप्फुसाचं, लिव्हर कसं काय फुगेल? आत पाच मिनिटंच सोडतात, विचारणार कधी. बीपी वाढवायचं औषधपण चालूय, आई त्यानेच घाबरलीय.

भूलभुलैया:
मी भूल देते, पण बाबांचे रिपोर्ट बघितले नाहीत म्हणून जनरलच सांगते हं. आपण श्वास घेतो तेव्हा छाती हवा ओढते आणि तिच्याबरोबर पोटाकडचं रक्तही वर हृदयाकडे ओढलं जातं. मशीनचं उलटं, ते हवा ढकलतं. पीप म्हणजे श्वास सोडल्यावरही थोडा दाब धरून ठेवायचा, नाहीतर फुप्फुसातले बारीक फुगे मिटतात. पण तो दाब हृदयाच्या उजव्या बाजूवरही येतो, आणि लिव्हरच्या शिरा हृदयाच्या जस्ट खाली महाशिरेत उघडतात. वर तुंबलं की मागे लिव्हर तटतटतं. त्यात तुमच्याकडे अर्धंच लिव्हर आणि आतड्यांकडून लिव्हरला येणाऱ्या मोठ्या शिरेचं, पोर्टल व्हेनचं, रक्त मात्र पूर्ण, म्हणून डॉक्टर जपतायत.

तरी पीपचा बाऊ करू नका. जर्मनीत एसेनला ट्रान्सप्लांटच्या पेशंटना पीप ०, ५, १० असा बदलून डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केलेलं, मानेच्या शिरेत घातलेल्या नळीतला दाब वाढला पण लिव्हरचं रक्त काही अडलं नाही. ऑक्सिजन कमी पडला तर नव्या लिव्हरचं त्याहून जास्त नुकसान, त्यामुळे लागला तर पीप वाढवतील पण.

बीपीचं म्हणाल तर सिऱ्होसिसमध्ये, म्हणजे लिव्हर कडक होऊन खराब होतं त्यात, रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात, हृदय जोरात पळतं तरी बीपी खालीच. नवीन लिव्हर बसलं म्हणून ते दुसऱ्या दिवशी सुधारत नाही. आईंना सांगा, डोस कालच्यापेक्षा कमी झाला का एवढंच विचारा.

मिरजेची_मामी:
आम्ही पण त्या आकड्यांपायी वेडे झालेलो. ह्यांच्या पोटावर पट्ट्यांच्या कडेकडेने रोज ते गार जेल लावून सोनोग्राफी व्हायची, मी काचेतून त्या बाईचा चेहराच बघत बसायचे. धमनीत गुठळी झाली तर लिव्हर जातं म्हणे, म्हणून रोज. मॉनिटर सोडा, डॉप्लरला काय आलं ते विचारा.

कृष्णाकाठचा:
थँक्यू ताई, मामी. डॉप्लर चांगला आहे म्हणाले आणि दुपारी नळीपण काढली! आवाज पार बसलाय, पहिलं काय तर "पंखा लाव". आता श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलवालं खेळणं दिलंय, बाबा त्यात जोर लावून फुंकतायत आणि नर्स ओरडतेय काका फुंकू नका, ओढा, ओढा.