वाटाघाटीच्या टेबलावर जागा फक्त बंदूक धरणाऱ्यालाच का?

सांजवात

युद्ध थांबवायच्या बोलणीला कोण बसतं? ज्याच्या हातात बंदूक आहे तो. ज्याने एक गाव जाळलं तो टेबलाच्या या बाजूला, ज्याने शेजारचं गाव जाळलं तो त्या बाजूला. ज्यांची घरं जळली त्यांना निकाल रेडिओवर कळतो.

३१ ऑक्टोबर २००० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १३२५ एकमताने मंजूर केला. शांतता प्रक्रियेच्या प्रत्येक टप्प्यावर, निर्णय होतात तिथे, स्त्रियांचा सहभाग हवा असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पुढे काय झालं? १९९२ ते २०१९ या काळातल्या मोठ्या शांतता प्रक्रियांचा संयुक्त राष्ट्रांनीच दिलेला हिशेब असा: वाटाघाटी करणाऱ्यांत स्त्रिया सरासरी १३ टक्के, मध्यस्थांत ६ टक्के, सह्या करणाऱ्यांत ६ टक्के.

मग बायकांनी काय करायचं, तर पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात यादवी चालू असताना केलं ते. २००३ मध्ये राजधानी मन्रोव्हियाच्या मासळीबाजाराजवळच्या मैदानात पांढरे कपडे घालून ख्रिस्ती आणि मुस्लिम बायका रोज उन्हापावसात बसल्या. घानाची राजधानी आक्रा इथे बोलणी सुरू झाली तेव्हा त्यांच्यातल्या काही तिथेही पोहोचल्या. आठवडे उलटत होते, मन्रोव्हियावर तोफगोळे पडत होते आणि बंडखोर गटांचे पुढारी हॉटेलात निवांत होते. जुलैमध्ये या बायकांची पुढारी लेमा बोवी आणि तिच्या सोबतिणी सभागृहाच्या दारात हातात हात गुंफून जमिनीवर बसल्या. तोडगा निघाल्याशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही! रक्षक तिला अटक करायला आले, तेव्हा तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि अंगावरचे कपडे उतरवायला सुरुवात केली. आईच्या वयाच्या बाईने असं स्वतःहून विवस्त्र होणं तिथे शाप मानतात. रक्षक मागे हटले. मध्यस्थ अब्दुलसलामी अबुबकर, नायजेरियाचे माजी लष्करशहा, स्वतः बाहेर येऊन तिच्याशी बोलले. १८ ऑगस्टला करारावर सह्या झाल्या.

हा प्रसंग सगळे कौतुकाने सांगतात. मला तो वाचून राग येतो. ऐकून घेण्यासाठी बाईला कपडे उतरवायची पाळी यावी?

ताम्रपट

सांजवातताई, भावना पोहोचल्या, पण निष्कर्षाशी असहमत.

शस्त्रसंधी म्हणजे गोळीबार थांबवणं, आणि तो थांबवू शकतो तोच जो गोळीबार करतोय. टेबलावर जितकी माणसं वाढवाल तितकी बोलणी लांबतात, आणि बोलणी लांबली की माणसं मरतात. तुमच्याच उदाहरणात लायबेरियाचा राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर पायउतार झाला तो बायका दारात बसल्या म्हणून? बंडखोर राजधानीत शिरले होते, शेजारच्या सिएरा लिओनमधल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या विशेष न्यायालयाचं आरोपपत्र डोक्यावर होतं, अमेरिकेचा दबाव होता, नायजेरियाने आश्रय देऊ केला होता. ही कारणं वगळून सांगितलेली गोष्ट अपुरी आहे.

आणखी एक. ‘स्त्रिया सहभागी असल्या तर करार १५ वर्षं टिकण्याची शक्यता ३५ टक्क्यांनी वाढते’ हा आकडा आता कुणीतरी आणेलच, म्हणून आधीच लिहितो. जिथे परिस्थिती मुळात सुधारत असते, तिथेच स्त्रियांना आत घेतलं जातं असंही असू शकेल. सोबत आढळणं म्हणजे कारण असणं नव्हे.

रानजाई

ताम्रपट, आकड्याबद्दलचा आक्षेप मान्य. तो आकडा मी वापरणार नाही, मला त्याची गरजही वाटत नाही.

पण ‘गोळीबार करणाऱ्यांनीच ठरवावं’ याचा हिशेब बघा. सिएरा लिओन, जुलै १९९९, लोमे करार. माणसांचे हात तोडणाऱ्या फौजेचा म्होरक्या फोडे सांको याला सरसकट माफी, उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा आणि वर खनिज संपत्तीच्या आयोगाचं अध्यक्षपद, म्हणजे ज्या हिऱ्यांसाठी मारामारी चालली होती त्यांच्याच किल्ल्या. वर्षही झालं नव्हतं. मे २००० मध्ये त्याच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांचे शेकडो शांतिसैनिक ओलीस धरले. बोलणी आटोपशीर झाली असतील, शांतता कुठे मिळाली?

दुसरं, अंगोला. सरकार आणि युनिटा बंडखोर यांच्यातल्या १९९४ च्या लुसाका करारानंतर अंमलबजावणीसाठी संयुक्त आयोग बसला. टेबलाभोवती चाळीस माणसं, त्यात बाई एकही नाही. सुरुंग काढायचं काम निघालं तेव्हा आधी मोठे रस्ते साफ झाले. सैन्य आणि ट्रक रस्त्याने जातात, म्हणून रस्ते आधी. शेतं, विहिरी, जळणाचं रान मागे राहिलं. लोक गावी परतले, बायका पाण्याला आणि लाकडाला निघाल्या, आणि सुरुंग फुटायला लागले. हे त्या आयोगात बसलेल्या अमेरिकी अधिकाऱ्यानेच नंतर कबुलीसारखं सांगितलं आहे.

त्या चाळीस जणांत कुणी दुष्ट होता असं मी म्हणत नाही. पाणी कोण आणतं हा प्रश्नच कुणाला पडला नाही. विहिरीवर रोज जाणारी एक बाई तिथे असती तर तो पहिल्याच बैठकीत निघाला असता.

खडूफळा

माझा विरोध वेगळ्या बाजूने आहे. ‘आई’, ‘माया’, ‘स्त्री जात्याच शांतताप्रिय’ हा सूर मला धोकादायक वाटतो. रवांडाच्या १९९४ च्या वंशसंहारात पोलिन न्यिरामासुहुको कुटुंबकल्याण आणि महिला विकास खात्याची मंत्री होती. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने तिला वंशसंहारासाठी आणि बलात्कारांसाठीही दोषी ठरवलं. महिला विकास मंत्री!

आपल्याकडेही बघा. मणिपूरच्या मैरा पैबींनी, म्हणजे मैतेई समाजातल्या बायकांच्या संघटनेने, व्यसनाविरुद्ध आणि सशस्त्र दलांच्या अत्याचारांविरुद्ध रात्र-रात्र मशाली घेऊन पहारे दिले, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण जून २०२३ मध्ये इथम गावात सैन्याने पकडलेल्या बारा सशस्त्र लोकांना सोडवायला जो जमाव आडवा आला, त्याच्या पुढे बायकाच होत्या. सैन्याला त्यांना सोडावं लागलं. आपापल्या जमातीचा प्रश्न आला की बायकाही आपापल्या बाजूलाच उभ्या राहतात. मग त्यांना आत घेऊन वेगळं काय होणार?

सांजवात

खडूफळा, पूर्ण सहमत, आणि म्हणूनच माझा आग्रह आहे. मी कुठेही बायका चांगल्या असतात म्हणून त्यांना घ्या असं लिहिलेलं नाही. पुरुषांना खुर्ची देताना तो दयाळू आहे का हे कोण विचारतं? सांकोला विचारलं होतं? मग बाईलाच चारित्र्याचा दाखला का? निम्म्या लोकांच्या आयुष्याचा निर्णय होतोय, तिथे त्यांचं माणूस असणं हा हक्क आहे. चांगलं वागण्याबद्दल मिळणारं ते बक्षीस नाही.

मैरा पैबींबद्दल इतकंच म्हणेन की जिच्या सांगण्यावरून हजार माणसं रस्त्यावर उतरतात, तिला बोलणीबाहेर ठेवून चालेल असं ताम्रपट यांच्या युक्तिवादानेही ठरत नाही. ती ताकदच आहे.

रानजाई

वेगळं काय होतं याचं उत्तर उत्तर आयर्लंडमध्ये सापडतं. १९९६ मध्ये मोनिका मॅकविल्यम्स (कॅथलिक) आणि पर्ल सेगर (प्रॉटेस्टंट) यांनी निवडणुकीला जेमतेम सहा आठवडे असताना महिलांचा पक्ष काढला. मतं मिळाली एक टक्का. पण पहिल्या दहा पक्षांना दोन-दोन जागा असा नियम होता, म्हणून त्या आत गेल्या. त्या बोलायला उठल्या की समोरच्या बाकांवरून गाईसारखं हंबरण्याचे आवाज यायचे. तरी त्या उठून जाईनात. तिथला संघर्ष थांबवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारात हिंसाचाराचे बळी, दोन्ही समाजांच्या मुलांनी एकत्र शिकणं, मिश्र वस्त्या, नागरिकांचं व्यासपीठ हे जे आलं, त्यामागे त्यांचा रेटा होता.

ताम्रपट

आणि त्या कलमांचं झालं काय? नागरिकांचं व्यासपीठ २००२ मध्ये थांबलं ते पुन्हा उभं राहिलं नाही. पक्ष २००६ मध्ये विसर्जित झाला. बहुसंख्य मुलं आजही वेगवेगळ्या शाळांत जातात. जे टिकलं ते सत्तावाटप आणि शस्त्रं खाली ठेवणं, म्हणजे मूळ भांडणाऱ्यांनी ठरवलेलं.

कोलंबियाही बघा. २०१४ मध्ये सरकार आणि फार्क बंडखोर यांच्या हवाना बोलणीत लिंगभावविषयक (स्त्री-पुरुष समानतेची) उपसमिती नेमली. विरोधकांनी नेमकी तीच भाषा धरून, कुटुंबव्यवस्था मोडायला निघालेत असा प्रचार केला, आणि २ ऑक्टोबर २०१६ च्या सार्वमतात करार सुमारे ५४ हजार मतांनी पडला. मला ते वाईटच वाटतं. पण अर्ध्या शतकाचं युद्ध संपवणारा कागद पडला, ही किंमत लहान नाही.

सांजवात

ती किंमत लहान नाही, मान्य. पण पडायचं कारण एवढं एकच नव्हतं. बंडखोरांना तुरुंगाऐवजी संसदेत जागा मिळणार याचा राग फार मोठा होता. नोव्हेंबरमध्ये सुधारलेला करार झाला, त्यात शब्द बदलले तरी लैंगिक अत्याचारांना माफी नाही हे कलम राहिलं. लोमेत सगळ्यांना सगळं माफ होतं. ज्या बाईवर अत्याचार झाला तिच्यासाठी हा फरक केवढा आहे!

खडूफळा

एक व्यावहारिक प्रश्न. कुठल्या बायका? शेवटी पुढाऱ्यांच्या बायका आणि मुलीच येऊन बसतात.

रानजाई

खरी अडचण आहे. सोमालियातल्या बायकांनी ती स्वतः सोडवली. २००० साली जिबूतीतल्या आर्ता इथे परिषद भरली, प्रतिनिधित्व टोळ्यांप्रमाणे (म्हणजे कुळांप्रमाणे), आणि टोळीतर्फे बोलणार पुरुष. आशा हाजी एल्मी एका टोळीत जन्मलेली, लग्न दुसऱ्या टोळीत. दोन्हीकडे परकीच. तिने आणि इतर बायकांनी जाहीर केलं की पाच टोळ्या आहेत ना, आमची सहावी. हंगामी संसदेच्या २४५ जागांपैकी २५ स्त्रियांना मिळाल्या.

ताम्रपट

२४५ पैकी २५. आणि त्या सरकारचा अंमल मोगादिशूच्या काही भागांपलीकडे गेला नाही, हेही नोंदवा.

सहावी टोळी मात्र मला माहीत नव्हती. दोन घरांत परकी असलेली माणसंच दोन्ही घरांशी बोलू शकतात, हे माझ्या ‘गोळीबार करणाराच थांबवतो’ या म्हणण्यात बसत नाही. त्यावर विचार करून उद्या लिहितो.

सांजवात

लिहा, वाट बघते. आणि एक दुरुस्ती माझ्याकडून: आक्राच्या करारानंतर त्या बायका घरी गेल्या असं माझ्या लिहिण्यातून वाटलं असेल. डिसेंबर २००३ मध्ये निःशस्त्रीकरण सुरू झालं तेव्हा अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त लढवय्ये छावणीत आले, गोंधळ होऊन काम बंद पडलं. पुढे त्याच बायका या पोरांशी बोलून त्यांना बंदुका खाली ठेवायला लावत होत्या. दोन वर्षांनी एलन जॉन्सन सर्लीफ राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्या, तेव्हा गावोगाव फिरून बायकांची नावं मतदार यादीत नोंदवणाऱ्याही याच होत्या.