बालवाडीत मुलं २४, टॅब दोनच: स्क्रॅच ज्युनिअर कसं शिकवावं?

प्रश्न (खानापूर तालुका)
स्क्रॅच ज्युनिअर म्हणजे लहान मुलांचं कोडिंगचं ॲप: सूचनांचे चित्रठोकळे जोडून पडद्यावरचं पात्र हलवायचं. मुलं ४ ते ६ वर्षांची. पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही. टॅबवर मुलं ॲपमध्ये आधीच असलेल्या मांजराला नुसती पळवत बसतात, नाहीतर बोट लागून यूट्यूबवर जातात. निम्म्यांच्या घरी कन्नड बोलतात. बाकीच्यांना तोवर काय द्यायचं?

उत्तर १
ताई, पहिला आठवडा टॅब कपाटातच राहू द्या. फरशीवर खडूनं ५ × ५ चौकोन आखा, एकेक ३० सें.मी.चा. पुठ्ठ्याचे बाण कापा: वर, खाली, डावा, उजवा, प्रत्येकी सहा. एक मूल गाडी, दुसरं बाण मांडणार, तिसरं ते वाचून गाडी चालवणार. गाडी चुकली तर सगळे बाण उचलू देऊ नका. वाट कुठल्या बाणावर चुकली ते मुलांनाच शोधू द्या, तेवढाच बदलायचा. खरं शिकणं तिथंच आहे, घाई करू नका. वाचणारं मूल गाडीच्या समोर उभं राहिलं की डावं-उजवं उलटतं. त्याला पाठीमागं उभं करा.

उत्तर २
एक भर. गाडीचं तोंड कायम फळ्याकडंच हवं, बाजूला जायचं तर सरकत. कारण ॲपमध्ये पात्र कसंही फिरलेलं असलं तरी वरचा बाण त्याला पडद्यावर वरच नेतो. फिरवायचा ठोकळा वेगळा, त्यात १२ घातले की पूर्ण गिरकी. फरशीवर वळायची सवय लागली की टॅबवर मुलं गोंधळतात.

मांजरावर बोट दाबून धरा आणि काढून टाका. पात्र मुलांचंच हवं! चौघांचे सहा गट करा: दोन टॅबवर १५ मिनिटं, दोन फरशीवर, दोन कुंभारमातीवर. मातीचा गवा करताना पाय चिकटवले तर वाळताना सुटतात. एकाच गोळ्यातून ओढून काढायचे. ओली माती फोटोत चमकते, म्हणून थोडी सुकू द्या आणि खिडकीच्या उजेडात ठेवा. ॲपच्या चित्रफलकावर आकार काढून कॅमेरा दाबला की फोटो त्या आकारात भरतो, गवा पात्र होतो. गवा भातात शिरला, थाळी वाजली, पळाला: एवढ्याला दोन पानं (दृश्यं) पुरतात, ॲप चार देतं. आवाज व्हरांड्यात रेकॉर्ड करा, वर्गात कालवा येतो. ठोकळ्यांवर चिन्हंच असल्यानं वाचता यायची गरज नाही. गव्याला कोण मराठीत हाकलेल, कोण कन्नडमध्ये.

मुलं यूट्यूबवर जाऊ नयेत म्हणून सेटिंगमध्ये ‘ॲप पिनिंग’ चालू करा, म्हणजे पडद्यावर एकच ॲप अडकून राहतं. स्क्रॅच ज्युनिअरला नेट लागत नाही; टॅब रात्री चार्ज करून ठेवा.

प्रश्नकर्त्या
पालक विचारतात, एवढ्या लहान वयात स्क्रीन कशाला?

उत्तर १
जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची मर्यादा सांगा: २ ते ४ वर्षांना बैठा स्क्रीन दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी तेवढं बरं. घरचा मोबाईलही त्यातच धरायचा. तुमची पाळी १५ मिनिटांची. एकदा पालकांना बोलावून फरशीवर बाण मांडायला लावा.