जूनच्या सुरुवातीला हामटा पास: माझे दोन शब्द

पन्हाळा-पावनखिंड दोनदा केलंय, मग जूनच्या पहिल्या आठवड्यात हिमाचलमधली हामटा ही बर्फातली खिंड जमेल का, असं विचारलंयस. प्रश्न दमाचा नाही भावा, पाय कसा टाकतोस त्याचा आहे. पन्हाळ्याच्या वाटेवर चिखलात आपण अख्खा तळवा टेकवून चालतो. सकाळच्या कडक बर्फावर तसं केलंस की घसरलासच. चढताना बुटाचं टोक दोन-तीनदा ठोकून खाच करायची, उतरताना टाच रोवायची.

मी गेलो तेव्हा सकाळी सहाला दगडासारखा असलेला बर्फ अकराला मांडीपर्यंत आत घेत होता. म्हणून पहाटे अंधारातच निघायचं. खिंड जवळपास ४२७० मीटरवर आहे, दुपारच्या आत उतरायला लागलेलं बरं. ओढ्यावरचा बर्फ आतून वितळून पोकळ होतो. खालून पाण्याचा आवाज आला की वाटाड्याच्या पावलावरच पाऊल, शहाणपणा नाही.

गॉगल अतिनील किरण अडवणाराच घे. मी रस्त्यावरचा दीडशेचा नेला होता (हौस!), रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं.

सरावाला रंकाळ्याची फेरी पुरायची नाही. पाठीवर आठ किलो घेऊन जोतिबा चढ-उतर कर. आणि नवे बूट इथेच महिनाभर घालून मुरव.