आई-बाबांच्या सामानातील चार्जर, रक्तदाबाचे यंत्र आणि मिक्सर

प्रेषक: न्यू जर्सीतील एक सदस्य

सर्व सदस्यांना सप्रेम नमस्कार.

माझे आई-बाबा पुढच्या महिन्यात नाशिकहून निघत आहेत. आधी ते लंडनला माझ्या बहिणीकडे राहतील आणि तिथून आमच्याकडे येतील. सामानात दोघांचे मोबाइल, बाबांच्या श्रवणयंत्राचा चार्जर, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, पॉवर बँक आणि आईच्या आग्रहाखातर घरचा मिक्सर आहे. महात्मा गांधी रोडवरील एका दुकानदाराने बाबांना एक युनिव्हर्सल अ‍ॅडॉप्टर दाखवला असून, त्यावर कोणत्याही देशात सगळे चालेल, असे सांगितले आहे. यावर विसंबून राहावे का? जाणकारांनी कृपया कळवावे.

प्रेषक: नाशिकला परतलेले एक ज्येष्ठ सदस्य

सप्रेम नमस्कार.

अ‍ॅडॉप्टर अवश्य घ्यावा, परंतु तो केवळ पिनांचा आकार जुळवून देतो, व्होल्टेज म्हणजे विजेचा दाब बदलत नाही. अंबडच्या कारखान्यात माझी बरीच वर्षे विजेच्या उपकरणांसोबत गेली, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहितो. लंडनला आपल्यासारखाच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा (विजेची सेकंदाला ५० आवर्तने) पुरवठा आहे. तिथे फरक पडतो तो तीन चपट्या पिनांचा. न्यू जर्सीत मात्र १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, म्हणजे दाब जवळजवळ निम्मा.

बाबांना सांगा, की प्रत्येक चार्जर उजेडात धरून त्यावरची बारीक अक्षरे वाचावीत आणि ती दिसत नसतील तर मोबाइलने फोटो काढून मोठी करून पाहावीत. ‘इनपुट’ या शब्दापुढे १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे छापलेले असेल, तर तो चार्जर दोन्ही देशांत निर्धास्त वापरता येईल. असे चार्जर आलेल्या विजेचे आधी डीसीत, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत, रूपांतर करतात आणि मग आतील सर्किट ती स्वतःच्या गतीने, फार वेगाने चालू-बंद करून मोबाइलला हवा तेवढाच दाब देते. म्हणून भिंतीतून १२० व्होल्ट आले काय किंवा २३० आले काय, त्यांचे काही अडत नाही. आजकालचे मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर बहुतेक याच प्रकारचे असतात.

रक्तदाबाच्या यंत्राकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. त्याच्या जुन्या, हाताला जड लागणाऱ्या अ‍ॅडॉप्टरमध्ये तांब्याच्या वेटोळ्यांचा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्यावर पुष्कळदा फक्त २३० व्होल्ट लिहिलेले असते. तो १२० व्होल्टवर लावला, तर यंत्राला विजेचा पुरेसा दाब मिळणार नाही. अशी बरीच यंत्रे सेलवरही चालतात, तेव्हा तिकडे सेल घालूनच वापरणे उत्तम. वयस्कर माणसांच्या औषधाचा निर्णय ज्या आकड्यांवर होतो, ते घेणाऱ्या यंत्राच्या वीजपुरवठ्यात शंकेला जागा असू नये, असे माझे ठाम मत आहे.

उष्णता देणाऱ्या वस्तू इथून नेऊच नयेत. त्यांची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे व्होल्टेज निम्मे झाले की शक्ती पाव होते, त्यामुळे आपली १५०० वॉटची किटली अमेरिकेत जेमतेम ४०० वॉट देईल आणि चहाचे पाणी उकळेपर्यंत माणूस कंटाळेल. उलट दिशेने प्रकरण गंभीर होते. केवळ १२० व्होल्टसाठी बनवलेली हजार वॉटची अमेरिकन इस्त्री नाशिकच्या सॉकेटमध्ये लावली, तर ती जवळजवळ पावणेचार पट शक्ती खेचू लागते आणि पाहता पाहता जळते. दिवाळीला भेट म्हणून तिकडचे हेअर ड्रायर आणणाऱ्या मंडळींनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

लंडनमध्ये न्हाणीघरात सॉकेट दिसले, तर ते बहुधा दाढीच्या यंत्रापुरते असते. चार्जिंग खोलीतच करावे. न्यू जर्सीतील सॉकेटना सहसा बटण नसते आणि दोन चपट्या फटींत जड अ‍ॅडॉप्टर सैल होऊन लोंबतो. सैल पिन तापते. तिथे पोचल्यावर आई-बाबांसाठी तिकडच्याच पिनांचा एक यूएसबी चार्जर तुम्ही आणून ठेवलात, तर इथून नुसत्या केबल आणल्या तरी पुरतील.

पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवावी, चेक-इन सामानात ती चालत नाही. तिच्या क्षमतेची मर्यादा साधारण १०० वॉट-तासांची असते. २०,००० एमएएचची बँक ७४ वॉट-तासांची, म्हणजे मर्यादेत बसते, मात्र तिच्यावरचे आकडे पुसलेले नसावेत. तिकीट दुबईमार्गे एमिरेट्सचे असेल, तर १ ऑक्टोबर २०२५ पासून त्यांच्या विमानात पॉवर बँक वापरण्यास मनाई आहे. तेव्हा मोबाइल घरूनच पूर्ण चार्ज करून निघावे, कारण नाशिक ते मुंबई विमानतळ हा प्रवासही काही कमी वेळाचा नाही.

प्रेषक: न्यू जर्सीतील सदस्य

आपले मनःपूर्वक आभार. बाबांनी लगेच फोटो पाठवले. मोबाइल आणि श्रवणयंत्र यांच्या चार्जरवर १००–२४० आहे, रक्तदाबाच्या अ‍ॅडॉप्टरवर मात्र फक्त २३०. त्यासाठी सेल आणून ठेवतो. मिक्सर ७५० वॉटचा आहे. मी ट्रान्सफॉर्मर घेऊन ठेवू का?

प्रेषक: नाशिकचे ज्येष्ठ सदस्य

ट्रान्सफॉर्मरवर मिक्सर चालेल. त्याच्या मोटरला ६० हर्ट्झचीही अडचण येत नाही. परंतु सुरू होताना मोटर जास्त करंट घेते, म्हणून १२० चे २३० करणारा, निदान १५०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागेल. तो चांगलाच जड असतो आणि ओट्यावरची जागा अडवून बसतो. त्यापेक्षा भारतीय बनावटीचा ११० व्होल्टचा मिक्सर तुमच्याकडील भारतीय दुकानांत मिळतो, तो घ्यावा आणि त्याच्या चटणीच्या भांड्याचा आकार आईंना आधी फोटोत दाखवावा. मुक्काम मोठा असेल, तर घरचा मिक्सर बहिणीकडे लंडनला न्यायला हरकत नाही. तिथे फक्त अ‍ॅडॉप्टर अर्थिंगची पिन असलेला आणि मिक्सरचा भार पेलणारा हवा; महात्मा गांधी रोडवर तो घेताना बाबांनी या दोन्ही गोष्टी अ‍ॅडॉप्टर उलटून स्वतः पाहाव्यात.